पिनकोड ४११०३० चे गुणधर्म: काय काढायचं, कशावरून म्हणायचं आणि काय सोडून द्यायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नववीत आहे. शाळेच्या गणित प्रदर्शनात ‘माझी संख्या’ या विषयावर तक्ता करायचा आहे, आणि तिने घरचा, म्हणजे सदाशिव पेठेचा पिनकोड ४११०३० निवडलाय. नेटवर अशा संख्यांच्या गुणधर्मांची लांबलचक यादी मिळते, पण त्यातलं काय घ्यावं ते कळत नाही. तिने स्वतः विभाजक मोजले तर १६ आले, यादीत मात्र २४ दिलेत. ४५६७ ही मूळ संख्या आहे असं यादी म्हणते, पण परीक्षकांनी ‘कशावरून?’ विचारलं तर काय सांगायचं? आणि साधा कॅल्क्युलेटर पुरेल का?

शेवटून सुरुवात करतो. कॅल्क्युलेटर पुरेल, फक्त एका ठिकाणी तो अडेल, ते पुढे येईलच. विभाजक २४ हेच बरोबर. पण खरी अडचण या दोन्हींत नाही. कुठलीही सहा अंकी संख्या घ्या, तिला चिकटवायला तीस-चाळीस विशेषणं सहज सापडतात. त्यातली काही त्या संख्येची स्वतःची असतात, काही आपण ती दशमान पद्धतीत लिहितो म्हणून आलेली असतात, आणि काही इतकी सर्रास असतात की दर सहावी संख्या तीच मिरवते. हे तीन ढीग वेगळे केले की तक्ता आपोआप तयार होतो. सगळं एकाच यादीत ओतलं की परीक्षकाच्या दुसऱ्याच प्रश्नाला मूल गप्प बसतं.

किती खोलात जायचं हे दोन गोष्टींवर अवलंबून आहे. घातांक आणि मूळ अवयव तिला नीट येत असतील तर खालचं जवळजवळ सगळं झेपेल. परीक्षक फक्त तक्ता बघून पुढे जाणार असतील तर निम्मं पुरे. आणखी एक प्रश्न हमखास येतो: पिनकोड ही ‘संख्या’ आहे का? तो पत्ता आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली. पहिला ४ पश्चिमेकडच्या विभागाचा, पहिले तीन अंक मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. दोन पिनकोडांच्या बेरजेला काही अर्थ नाही. तेव्हा तिने सरळ सांगावं की मी पत्ता बाजूला ठेवून चार लाख अकरा हजार तीस या संख्येचा अभ्यास केलाय. एवढं एक वाक्य पुरतं.

आता मूळ अवयव. शेवटी शून्य आहे, म्हणजे १० ने भाग जातो: ४११०३० = १० × ४११०३. पुढच्या ४११०३ च्या अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ ने भाग जातो: ४११०३ = ९ × ४५६७. म्हणून

४११०३० = २ × ३² × ५ × ४५६७

४, ५, ६, ७ असे ओळीने अंक आले हा योगायोग आहे, पण देखणा आहे. तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहायला हरकत नाही. मात्र ‘म्हणून ४५६७ मूळ आहे’ असं म्हणू नये. ३४५६७ चे अंकही ओळीनेच आहेत आणि तिला १३ ने पूर्ण भाग जातो (१३ × २६५९).

४५६७ मूळ आहे हे दाखवायला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. ६७ × ६७ = ४४८९ आणि ७१ × ७१ = ५०४१, म्हणजे ६७ ला थांबायचं. का थांबायचं हे तिला सांगता आलं पाहिजे: ४५६७ चे दोन अवयव असतील तर दोन्ही ६७ पेक्षा मोठे असू शकत नाहीत, कारण मग गुणाकार किमान ६८ × ६८ = ४६२४ होईल आणि तो ४५६७ च्या पुढे जातो. २, ३ आणि ५ चा निकाल बघताक्षणी लागतो (संख्या विषम, अंकांची बेरीज २२, शेवटी ७). उरल्या सोळा मूळ संख्या. त्यांच्या बाक्या अशा येतात: ७ ला ३, ११ ला २, १३ ला ४, १७ ला ११, १९ ला ७, २३ ला १३, २९ ला १४, ३१ ला १०, ३७ ला १६, ४१ ला १६, ४३ ला ९, ४७ ला ८, ५३ ला ९, ५९ ला २४, ६१ ला ५३, ६७ ला ११.

यात ३७ आणि ४१ ला सारखीच बाकी दिसते. ४३ आणि ५३ चंही तसंच, १७ आणि ६७ चंही तसंच. मुलं इथे हटकून थांबतात, आपलं चुकलं असं समजून खाडाखोड करतात. चुकलेलं नाही. ४५५१ = ३ × ३७ × ४१, त्यामुळे ३७ आणि ४१ दोघांनाही ४५५१ ला पूर्ण भाग जातो आणि ४५६७ पर्यंत १६ उरतात. तसंच ४५५८ = २ × ४३ × ५३, आणि ४५५६ = ४ × १७ × ६७. परीक्षकाने तक्त्यावर बोट ठेवून ‘या दोन बाक्या सारख्या कशा?’ विचारलं तर हे उत्तर तयार असू द्या.

कॅल्क्युलेटरवर बाकी काढताना दशांश भागावर भरवसा ठेवू नका. ४५६७ ÷ २३ = १९८.५६५… आलं, की १९८ × २३ = ४५५४ हे वेगळं करा आणि ४५६७ मधून वजा करा. एक्सेलसारखं काही वापरणार असाल तर बाकी काढणारा MOD हा फॉर्म्युला आहे, तो इंग्रजीतच लिहा; एका रकान्यात मूळ संख्या आणि शेजारी बाकी, दोन मिनिटांचं काम. तरी चार-पाच भागाकार तरी तिने हाताने केलेले असावेत.

सुरुवातीला ९० बाहेर काढल्याने किती काम वाचलं हेही दाखवण्यासारखं आहे. ४११०३० चं वर्गमूळ ६४१ च्या किंचित पुढे आहे, आणि ६४१ पर्यंत ११६ मूळ संख्या आहेत. आपल्याला ६७ पर्यंतच्या १९ पुरल्या. लहान अवयव आधी काढून टाकले की उरलेल्या संख्येची मर्यादा झपाट्याने खाली येते. हीच तऱ्हा कुठल्याही मोठ्या संख्येला लागू पडते, पण नशीब साथ देईलच असं नाही. दहा अंकी संख्या निघाली आणि तिला लहान अवयवच नसले तर एक लाखापर्यंतच्या ९५९२ मूळ संख्यांनी भागत बसावं लागेल. म्हणून वर्गातलं दुसरं कुणी मोबाइल नंबर घेणार असेल तर त्याला परावृत्त करा. शिवाय तो भिंतीवर लावण्याची गोष्टही नाही.

विभाजकांच्या संख्येकडे येऊ. १६ कुठून आले ते उघड आहे: २, ३, ५ आणि ४५६७ या चार मूळ संख्या, प्रत्येक घ्या किंवा सोडा, म्हणून २ × २ × २ × २. पण ३ इथे दोनदा आहे. तो शून्य वेळा, एकदा किंवा दोनदा घेता येतो, म्हणजे तीन पर्याय. म्हणून २ × ३ × २ × २ = २४. घातांकात एक मिळवून गुणाकार करायचा हा नियम पाठ असतो, पण तो असा आला हे सांगता आलं तर १६ ची चूक पुन्हा होणार नाही. काही ठिकाणी २३ लिहिलेले सापडतील. तिथे खुद्द ४११०३० हा विभाजक धरलेला नसतो.

चोवीसही विभाजक तक्त्यावर लिहा, दोन ओळींत. वरच्या ओळीत ९० चे बारा: १, २, ३, ५, ६, ९, १०, १५, १८, ३०, ४५, ९०. खालच्या ओळीत त्यांचीच ४५६७ पट: ४५६७, ९१३४, १३७०१, २२८३५, २७४०२, ४११०३, ४५६७०, ६८५०५, ८२२०६, १३७०१०, २०५५१५, ४११०३०. अशी मांडणी केली की विभाजकांची बेरीज सोपी होते. वरच्या ओळीची बेरीज २३४. खालची तिच्या ४५६७ पट. एकूण २३४ × ४५६८ = १०६८९१२. चोवीस संख्या एकेक करून मिळवल्या तरी हेच आलं पाहिजे. दोन्ही करून पडताळा घ्या, कारण बेरजेत एक अंक चुकला तर पुढचं सगळं चुकतं.

या बेरजेतून संख्या स्वतः वजा केली की ६५७८८२ उरतात. ते ४११०३० पेक्षा जास्त आहेत, म्हणून ही विपुल संख्या (याद्यांमध्ये ‘अबंडंट’). बरोबर तेवढेच उरले असते तर परिपूर्ण संख्या झाली असती, कमी उरले असते तर न्यून. परिपूर्ण असण्याची शक्यता मुळातच नव्हती: ६, २८, ४९६, ८१२८ आणि त्यानंतर थेट ३,३५,५०,३३६. मध्ये काही नाही.

पण ‘विपुल’ हा शब्द ठळक छापण्याआधी जरा थांबा. ६ पेक्षा मोठी असलेली ६ ची प्रत्येक पट विपुलच असते. कारण तिचा निम्मा, तिसरा आणि सहावा हिस्सा हे तिन्ही विभाजक असतात, आणि त्यांचीच बेरीज त्या संख्येइतकी होते. इथे २०५५१५ + १३७०१० + ६८५०५ = ४११०३०. तिन्ही खालच्या ओळीत आहेत, बघून घ्या. उरलेले सगळे विभाजक वरकड. येरवडा ४११००६, पिंपरी ४११०१८, स्वारगेट ४११०४२, कोंढवा ४११०४८, हे सगळे सहाच्या पटीत, म्हणून सगळे विपुल. त्यात पेठेचं विशेष कौतुक काही नाही, हा सर्रास गुणधर्मांचा तिसरा ढीग! विरोध दाखवायचा तर शिवाजीनगर घ्या: ४११००५ = ५ × ७ × ११७४३. तिच्या विभाजकांची बेरीज ६ × ८ × ११७४४ = ५६३७१२, स्वतःला वजा करून १५२७०७. ही न्यून. दोन्ही शेजारी लावल्या की वर्गीकरण म्हणजे काय ते लगेच कळतं.

विभाजकांच्या त्या दोन ओळींत आणखी एक गोष्ट आहे, जी मला विपुलपणापेक्षा जास्त आवडते. ९० नंतर एकदम ४५६७. मध्ये एकही विभाजक नाही. आता वेगवेगळे विभाजक मिळवून १ पासून पुढच्या संख्या तयार करत जा: १, २, ३, ४ = १ + ३, ५, ६, ७ = २ + ५… २३४ पर्यंत सगळ्या जमतात. २३५ जमत नाही, कारण लहान बारा सगळे वापरून झाले आणि पुढचा थेट ४५६७ आहे. स्वतःपेक्षा लहान सगळ्या संख्या अशा जमल्या असत्या तर तिला ‘प्रॅक्टिकल नंबर’ म्हटलं असतं. हे नाव ए. के. श्रीनिवासन यांनी १९४८ मध्ये दिलं. आपली संख्या त्यात बसत नाही, आणि का बसत नाही ते बोटाने दाखवता येतं. नकारार्थी गुणधर्म कारणासकट लिहिला तर तो दहा होकारार्थी विशेषणांपेक्षा भारी पडतो.

असाच दुसरा: ४११०३० ही दोन वर्गांची वजाबाकी कधीच असू शकत नाही. कुठल्याही वर्गाला ४ ने भागलं तर बाकी ० किंवा १ येते. मग दोन वर्गांच्या वजाबाकीची बाकी ०, १ किंवा ३ येईल, २ येणार नाही. ४११०३० ला ४ ने भागलं तर बाकी २. संपलं. नववीच्या मुलीने फळ्यावर उभं राहून पूर्ण सिद्ध करावी अशी ही गोष्ट आहे. बाकी काही सुटलं तरी चालेल, ही सोडू नका.

दोन वर्गांची बेरीजही होत नाही, पण त्याला फर्मा या फ्रेंच गणितज्ञाच्या काळापासून चालत आलेलं प्रमेय लागतं: ४ ने भागून ३ उरणारी मूळ संख्या अवयवांत विषम वेळा आली की दोन वर्गांची बेरीज जमत नाही. ४५६७ ला ४ ने भागलं की ३ उरतात, आणि ती एकदाच आली आहे. ३ सुद्धा तशीच, पण ती दोनदा आहे म्हणून तिची आडकाठी नाही. तीन वर्ग मात्र सुरेख जमतात: ६४१² = ४१०८८१, उरले १४९, आणि १४९ = १०² + ७². म्हणून ४११०३० = ६४१² + १०² + ७². प्रमेयाची सिद्धता विचारली तर ‘ती मी अजून शिकलेले नाही’ असं म्हणण्यात कमीपणा नाही.

१ पासून ४११०३० पर्यंत तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या १०९५८४ आहेत (१ × ६ × ४ × ४५६६). सूत्र शिकवलेलं नसेल तर हे सोडून द्या.

इथवर जे झालं ते संख्येचं स्वतःचं. ती रोमन आकड्यांत लिहिली असती तरी हेच आलं असतं. आता दुसरा ढीग, अंकांवर चालणारा. पुण्याच्या मुलीने इथे गणितज्ञ द. रा. कापरेकरांचं नाव घ्यायलाच हवं. फर्ग्युसनचे विद्यार्थी, १९२७ चं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवलेले, पुढे देवळालीत शाळामास्तर. अंकांची बेरीज ९ आणि ९ ने पूर्ण भाग, म्हणून ४११०३० ही त्यांची हर्षद संख्या. हे दशमान पद्धतीवर अवलंबून आहे, ते असं दाखवा: अष्टमान पद्धतीत हीच संख्या १४४२६२६ अशी लिहितात, अंकांची बेरीज २५, आणि २५ ने भाग जात नाही. द्विमान पद्धतीत ११००१०००१०११००१०११०, त्यात एक हा अंक नऊ वेळा, आणि ९ ने भाग जातो, म्हणून तिथे पुन्हा हर्षद. या दुसऱ्या जुळणीमागे काही कारण नाही, निव्वळ योगायोग.

कापरेकरांची दुसरी कल्पना तुमच्या तक्त्यासाठी सोन्यासारखी आहे. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची, की पुढची संख्या मिळते. ४११००३ पासून सुरू करा. अंकांची बेरीज ९, म्हणून ४११०१२. पुन्हा ९, ४११०२१. पुन्हा ९, ४११०३०. पुन्हा ९, ४११०३९. आता बेरीज १८, म्हणून ४११०५७. म्हणजे खडकी, दापोडी, बावधन, सदाशिव पेठ, भोसरी, हिंजवडी. शहराच्या नकाशावर बाण काढून दाखवा, लोक थांबून बघतील. यातल्या पहिल्या चारही हर्षद आहेत. भोसरी आणि हिंजवडी नाहीत: दोन्ही ९ ने विभाज्य, पण अंकांची बेरीज १८ आणि संख्या विषम.

ज्या संख्येला असा मागचा कुणी जनकच नसतो तिला कापरेकर स्वयंभू म्हणत. १, ३, ५, ७, ९, २०, ३१ अशा. ४११०३० स्वयंभू नाही, तिचा जनक ४११०२१. पण कसबा पेठेचा ४११०११ स्वयंभू आहे. पडताळा छोटा आहे. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांची ९ ने भागल्यावर बाकी सारखीच असते, म्हणून जनकाच्या दुपटीला ९ ने भागल्यावर ४११०११ सारखीच, म्हणजे ८ बाकी उरायला हवी. तर जनकाची बाकी ४ हवी. शिवाय तो ५४ पेक्षा जास्त मागे असू शकत नाही, कारण सहा अंकांची बेरीज ५४ च्या वर जात नाही. उरतात सहा उमेदवार. ४११००७ देते ४११०२०, ४१०९९८ देते ४११०२९, ४१०९८९ देते ४११०२०, ४१०९८० देते ४११००२, ४१०९७१ देते ४१०९९३, ४१०९६२ देते ४१०९८४. एकही ४११०११ वर येत नाही. कसबा गणपती या ग्रामदैवताच्या पेठेला स्वयंभू आकडा मिळाला हा योग जमून आलाय, पण तक्त्यावर त्याला गणिती कारण चिकटवू नका.

६१७४ बद्दलही विचारतील. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढता क्रम वजा करत गेलं की चार अंकी संख्या (सगळे अंक सारखे नसतील तर) ६१७४ वर स्थिरावते. सहा अंकी संख्यांना असा एकच मुक्काम नाही. आपली संख्या अशी जाते: ४३११०० − ००११३४ = ४२९९६६, मग ७४९९४३, मग ६५२६४४, मग ४२०८७६. तिथून ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि परत ४२०८७६. सात संख्यांचं चक्र, त्यातून सुटका नाही. वजाबाकी करताना पुढची शून्यं टाकून दिली तर सगळा क्रम बिघडतो, तेव्हा ००११३४ असं पूर्ण सहा अंकी लिहा.

आणि कॅल्क्युलेटर अडतो ते इथे. कापरेकर संख्या आहे का ते बघायला वर्ग करून त्याचे दोन तुकडे मिळवायचे असतात, जसं ४५² = २०२५ आणि २० + २५ = ४५. ४११०३० चा वर्ग बारा अंकी आहे, आठ किंवा दहा अंकी साध्या कॅल्क्युलेटरवर मावत नाही. ४११०३ चा वर्ग कागदावर करा: ४१००० आणि १०३ असे भाग पाडले तर १६८१०००००० + ८४४६००० + १०६०९ = १६८९४५६६०९. त्यापुढे दोन शून्यं दिली की १६८९४५६६०९००. तुकडे १६८९४५ आणि ६६०९००, बेरीज ८२९८४५. म्हणजे कापरेकर संख्या नाही.